मिशिगनची ‘मध्यावधी’ : राज्य कोणाचे, हे ठरवणारा मंगळवार

‘मध्यावधी निवडणूक’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे कोसळलेले सरकार, विसर्जित झालेली लोकसभा आणि मुदतीआधीच पुन्हा दारात आलेले उमेदवार उभे राहतात. १९८०, १९९८ आणि १९९९च्या लोकसभा निवडणुका या अर्थाने मध्यावधी होत्या. अमेरिकेतल्या मध्यावधीत मात्र काहीच कोसळलेले नसते. अध्यक्षांच्या चार वर्षांच्या कारकीर्दीला दोन वर्षे झाली की नोव्हेंबरमधील पहिल्या सोमवारनंतर येणाऱ्या मंगळवारी ती ठरल्याप्रमाणे होते. प्रतिनिधीगृहाच्या सर्व ४३५ जागा आणि सिनेटच्या सुमारे एक तृतीयांश जागा त्या दिवशी मतदारांपुढे येतात. परदेशातील वृत्तपत्रे या निवडणुकीकडे अध्यक्षांच्या लोकप्रियतेची परीक्षा म्हणून पाहतात आणि निकालानंतर दोन दिवसांत विषय संपवतात.

ज्या राज्यात हे मतदान होते तेथील माणसाच्या दृष्टीने विषय तेव्हा कुठे सुरू झालेला असतो. शाळांना पैसा किती, कामगार संघटनांना अधिकार किती, गर्भपात गुन्हा की हक्क, पालिकेचा कारभार निवडून आलेल्या महापौराने पाहायचा की सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने, हे प्रश्न वॉशिंग्टनपेक्षा राज्याच्या राजधानीत अधिक सुटतात किंवा चिघळतात. सुमारे एक कोटी लोकवस्तीचे, मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले आणि महासरोवरांनी वेढलेले मिशिगन हे याचे ठळक उदाहरण आहे. अध्यक्षीय निवडणुकीत या राज्याचे मत किती अनिश्चित असते, हे सर्वांना ठाऊक आहे. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प येथे अवघ्या १०,७०४ मतांनी जिंकले, २०२० मध्ये जो बायडेन आणि २०२४ मध्ये पुन्हा ट्रम्प. परंतु लान्सिंग या राजधानीत सत्ता कोणाची, याचा निर्णय बव्हंशी मध्यावधीतच होतो.

याचे कारण राज्यघटनेत आहे. पूर्वी मिशिगनचा गव्हर्नर दर दोन वर्षांनी निवडला जाई. १९६३च्या राज्यघटनेने ती मुदत चार वर्षांची केली आणि पहिली चार वर्षांची निवडणूक १९६६ मध्ये, म्हणजे मध्यावधीच्या वर्षात, घेतली. तेव्हापासून गव्हर्नर, त्याच्याबरोबर एकाच जोडीने निवडला जाणारा लेफ्टनंट गव्हर्नर, सेक्रेटरी ऑफ स्टेट आणि अ‍ॅटर्नी जनरल ही सर्व पदे अध्यक्षांच्या निवडणुकीपासून दोन वर्षे अंतर राखून भरली जातात. राज्य सिनेटचे सर्व ३८ सदस्यही त्याच दिवशी निवडले जातात. राज्याच्या प्रतिनिधीगृहातील ११० जणांना मात्र दर दोन वर्षांनी मतदारांपुढे जावे लागते. म्हणजे अध्यक्षीय वर्षात मिशिगनच्या विधिमंडळाचे एकच सभागृह हलते, मध्यावधीत सगळेच.

लांबलचक मतपत्रिका

एक यंत्र, एक बटण आणि एक उमेदवार एवढ्याची सवय असलेल्या भारतीय मतदाराला मिशिगनची मतपत्रिका चक्रावून टाकेल. ती कागदी असते, दोन्ही बाजूंनी छापलेली असते आणि तिच्यावरचे लंबगोल पेनाने भरायचे असतात. गव्हर्नरपासून सुरुवात करून वॉशिंग्टनला पाठवायचे प्रतिनिधी, राज्याचे आमदार, राज्य शिक्षण मंडळाचे सदस्य, तीन सार्वजनिक विद्यापीठांच्या नियामक मंडळांचे सदस्य, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, स्थानिक न्यायाधीश, कौंटीचे आयुक्त, शाळा मंडळ आणि शेवटी घटनादुरुस्तीचे प्रस्ताव, असा हा प्रवास असतो. विद्यापीठाचे नियामक पक्षाच्या चिन्हाखाली राज्यभरातून निवडले जावेत, ही कल्पना आपल्याकडील कुलगुरूंना कितपत रुचेल हा प्रश्नच आहे. ज्याला एवढ्या नावांचा विचार करायचा नाही त्याच्यासाठी एकाच खुणेने संपूर्ण पक्षाला मत देण्याची सोयही आहे.

यातील काही पदांची नावे फसवी आहेत. ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ म्हणजे वॉशिंग्टनमध्ये परराष्ट्रमंत्री. मिशिगनमध्ये त्याच नावाच्या अधिकाऱ्याकडे वाहनांची नोंदणी आणि वाहन चालवण्याचे परवाने असतात. सामान्य माणूस या कार्यालयाला ‘आरटीओ’सारखेच ओळखतो, रांगेसाठी. परंतु राज्यातील निवडणुकांचा प्रमुख अधिकारीही हाच. न्यायमूर्तींचेही तसेच. त्यांना पक्षांची अधिवेशने उमेदवारी देतात, मतपत्रिकेवर मात्र त्यांच्या नावापुढे पक्ष छापला जात नाही.

अमेरिकेत भारताच्या निवडणूक आयोगासारखी, सर्व देशात मतदान घेणारी, एकच यंत्रणा नाही. मिशिगनमध्ये तर हा कारभार पंधराशेहून अधिक शहरे आणि टाउनशिप यांच्या क्लार्क मंडळींकडे विखुरलेला आहे. त्यांच्या वर ८३ कौंट्यांचे क्लार्क. निकालावर शिक्कामोर्तब करण्यासाठी प्रत्येक कौंटीत चार सदस्यांचे मंडळ, दोन या पक्षाचे आणि दोन त्या पक्षाचे. राज्य पातळीवरही तशीच चौघांची रचना. उत्तरेकडील अप्पर पेनिन्सुलाच्या चार कौंट्यांचे घड्याळ उर्वरित राज्यापेक्षा एक तास मागे असते. त्यामुळे आठ वाजता मतदान संपले तरी राज्याचे मतदान पूर्ण संपायला डेट्रॉइटच्या घड्याळात नऊ वाजतात.

दोघे-दोघे बसवण्याची ही रचना अनेक दशके निव्वळ औपचारिक मानली जात होती. २०२० मध्ये तिची कसोटी लागली. डेट्रॉइट ज्या वेन कौंटीत आहे तेथील मंडळ अध्यक्षीय निकालाच्या प्रमाणपत्रावर आधी दोन विरुद्ध दोन असे अडले आणि काही तासांनी एकमताने मंजुरी देऊन मोकळे झाले. राज्य मंडळात तीन मते बाजूने पडली, एक सदस्य तटस्थ राहिला. पुढच्या मध्यावधीत परवाने देणाऱ्या कार्यालयाच्या प्रमुखपदाला अचानक एवढे महत्त्व का आले, हे या प्रसंगावरून कळते.

नकाशा काढणाऱ्याचे राज्य

२०१० हे बराक ओबामा यांच्या पहिल्या कारकीर्दीतील मध्यावधीचे वर्ष. आर्थिक मंदीने मोटार उद्योगाचे कंबरडे मोडले होते. सत्तेवरील डेमोक्रॅटिक पक्षाच्या गव्हर्नर जेनिफर ग्रॅनहोम यांना मुदतमर्यादेमुळे पुन्हा उभे राहता येत नव्हते. रिपब्लिकन रिक स्नायडर सुमारे ५८ टक्के मते घेऊन निवडून आले आणि विधिमंडळाची दोन्ही सभागृहेही त्यांच्या पक्षाकडे गेली. हा विजय चार वर्षांचा नव्हता, दहा वर्षांचा होता. कारण दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या जातात, आणि तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे त्या विधिमंडळच आखत असे.

२०११च्या नकाशाचा परिणाम पुढच्याच वर्षी दिसला. २०१२ मध्ये वॉशिंग्टनच्या प्रतिनिधीगृहासाठी मिशिगनमधील मतदारांनी डेमोक्रॅटिक उमेदवारांना एकूण अधिक मते दिली. पक्षाला जागा मिळाल्या १४ पैकी ५. चौदावा मतदारसंघ डेट्रॉइटच्या पूर्व भागातून निघून वळणे घेत उपनगरांतून पॉन्टिअॅकपर्यंत जात होता. विरोधकांची मते अशी मोजक्या मतदारसंघांत गच्च भरायची आणि उरलेली सर्वत्र पातळ करून सोडायची, हे या विद्येचे मर्म. ती दोन्ही पक्षांना येते. २०११ मध्ये मिशिगनमध्ये पेन्सिल रिपब्लिकनांच्या हाती होती, एवढेच.

या काळातल्या सत्तेची सर्वांत कडू आठवण फ्लिंट शहराची आहे. आर्थिक डबघाईला आलेल्या शहरांवर गव्हर्नरने आणीबाणी व्यवस्थापक नेमावा आणि त्याच्यापुढे निर्वाचित महापौर व नगरसभेने बाजूला व्हावे, असा कठोर कायदा विधिमंडळाने २०११ मध्ये केला. नागरिकांनी सह्या गोळा करून तो मतदानाला लावला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये रद्द केला. डिसेंबरमध्येच, नवी विधानसभा येण्यापूर्वी, जुन्या विधिमंडळाने जवळपास तसाच नवा कायदा मंजूर केला. या वेळी त्यात खर्चाची तरतूद जोडली होती. मिशिगनच्या घटनेनुसार खर्चाच्या विधेयकावर जनमत घेता येत नाही. लोकांनी दारातून बाहेर काढलेला कायदा असा खिडकीतून आत आला. एप्रिल २०१४ मध्ये, व्यवस्थापकाच्या अमलाखाली, फ्लिंटचे पाणी डेट्रॉइटच्या जलवाहिनीवरून फ्लिंट नदीवर वळवण्यात आले. नदीच्या पाण्यावर आवश्यक ती गंजरोधक प्रक्रिया न झाल्याने जुन्या नळांतील शिसे घराघरांत पोहोचले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये स्नायडर पुन्हा निवडून आले. तोवर या संकटाची व्याप्ती उघड झालेली नव्हती. त्या मध्यावधीत राज्यभरात जेमतेम ३२ लाख मते पडली.

२०१८ : सह्यांची मोहीम

नोव्हेंबर २०१६ मध्ये, अध्यक्षीय निकालानंतर दोन दिवसांनी, केटी फेही या पश्चिम मिशिगनमधील तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. मतदारसंघांच्या मनमानी आखणीविरुद्ध काही करायचे आहे, कोणाला बरोबर यायचे असेल तर कळवा, असा त्यांचा आशय होता. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘व्होटर्स नॉट पॉलिटिशियन्स’ या संघटनेच्या स्वयंसेवकांनी सव्वाचार लाखांहून अधिक सह्या जमवल्या. घटनादुरुस्ती मतदानाला आणायची तर गव्हर्नरच्या मागील निवडणुकीत पडलेल्या मतांच्या दहा टक्के सह्या लागतात. २०१४ मध्ये मतदान कमी झाल्याने २०१८ साठी हा उंबरठा सुमारे ३ लाख १५ हजारांवर होता. कमी मतदानाचा हा एक अनपेक्षित फायदा म्हणायचा.

६ नोव्हेंबर २०१८ रोजी सुमारे ४३ लाख मतदारांनी मतदान केले. मध्यावधीसाठी राज्यात तो तोवरचा उच्चांक होता. सीमा आखण्याचे काम विधिमंडळाकडून काढून १३ नागरिकांच्या स्वतंत्र आयोगाकडे देणारा प्रस्ताव ६१ टक्के मतांनी मंजूर झाला. आयोगात चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन आणि पाच अपक्ष. निवड अर्जदारांतून सोडतीने. कारण न सांगता टपाली मतदानाचा हक्क आणि मतदानाच्या दिवशीही नावनोंदणी देणारा दुसरा प्रस्ताव मंजूर झाला आणि गांजाही कायदेशीर झाला. ग्रेचेन व्हिटमर यांनी रिपब्लिकन बिल शुटी यांना सुमारे साडेनऊ टक्क्यांच्या फरकाने हरवले. जोसलिन बेन्सन सेक्रेटरी ऑफ स्टेट आणि डेना नेसल अ‍ॅटर्नी जनरल झाल्या. सिनेटर डेबी स्टॅबेनाव यांनी जागा राखली, एलिसा स्लॉटकिन आणि हेली स्टीव्हन्स यांनी उपनगरांतील दोन जागा रिपब्लिकनांकडून घेतल्या, आणि वॉशिंग्टनमधील मिशिगनची मंडळी सात-सात अशी समान झाली.

विधिमंडळ तेवढे बदलले नाही. दोन्ही सभागृहांसाठी डेमोक्रॅटिक उमेदवारांना एकूण मते अधिक मिळूनही सिनेट २२-१६ आणि प्रतिनिधीगृह ५८-५२ असे रिपब्लिकनांकडेच राहिले. मतदार जुन्या नकाशावर मतदान करत होते. नवा नकाशा मंजूर झाला होता, पण आखला जायचा होता.

निवडणूक हरलेले किंवा मुदत संपलेले सदस्य नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये कायदे करू शकतात, ही मिशिगनमधील राजकारणाची जुनीच खोड. २०१८च्या सप्टेंबरमध्ये विधिमंडळाने किमान वेतन आणि आजारपणाच्या पगारी रजेविषयीचे दोन लोकप्रस्ताव स्वतःच मंजूर करून टाकले, त्यामुळे ते मतपत्रिकेवर आलेच नाहीत. निवडणूक पार पडताच डिसेंबरमध्ये त्याच विधिमंडळाने साध्या बहुमताने ते पातळ केले. ही युक्ती घटनाबाह्य ठरवण्यास राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला जुलै २०२४ उजाडावा लागला; निकाल चार विरुद्ध तीन असा होता. मतपत्रिकेच्या तळाशी असलेल्या न्यायमूर्तींच्या नावांकडे पाठ फिरवणाऱ्या मतदाराने एवढे तरी ध्यानात ठेवायला हरकत नाही.

बेळगावचा उमेदवार

मराठी वाचकांसाठी २०१८च्या मिशिगन निवडणुकीत एक ओळखीचे नाव होते. बेळगावात वाढलेले, मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकलेले आणि १९७९ मध्ये अमेरिकेस गेलेले श्री ठाणेदार गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत उतरले. उद्योगात मिळवणे, मंदीत सगळे गमावणे आणि पुन्हा उभे राहणे ही त्यांची कहाणी त्यांच्या मराठी आत्मकथनामुळे महाराष्ट्रात आधीच परिचित होती. स्वतःच्या खिशातील एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम त्यांनी प्रचारात ओतली. ऑगस्टमध्ये निकाल लागला तेव्हा व्हिटमर यांना ५२ टक्के, अब्दुल एल-सय्यद यांना ३० टक्के आणि ठाणेदारांना सुमारे १८ टक्के मते होती.

ते खचले नाहीत. डेट्रॉइटमधून २०२० मध्ये ते राज्य प्रतिनिधीगृहात निवडून आले आणि २०२२च्या मध्यावधीत त्यांनी वॉशिंग्टनची वाट धरली. नव्या आखणीतील तेरावा मतदारसंघ रिकामा होता आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे नऊ उमेदवार रिंगणात होते. एवढ्या गर्दीत ठाणेदारांना सुमारे २८ टक्के मते पुरली. नोव्हेंबरमधील लढत त्या भागात औपचारिकच होती. त्यांच्या विजयाला दुसरी बाजूही होती. १९५५ मध्ये चार्ल्स डिग्ज काँग्रेसमध्ये गेले तेव्हापासून डेट्रॉइटचा किमान एक तरी कृष्णवर्णीय प्रतिनिधी वॉशिंग्टनमध्ये असे. ज्या शहरात बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय आहेत तेथील ही परंपरा २०२३च्या जानेवारीत खंडित झाली. मराठी माणसाच्या यशाचे कौतुक करताना डेट्रॉइटमधील ही खंत समजून घेतली नाही, तर त्या निवडणुकीचे अर्धेच चित्र दिसेल.

उलटे वारे

८ नोव्हेंबर २०२२च्या मध्यावधीत व्हाइट हाऊसमध्ये बायडेन होते आणि महागाई चढलेली होती. अध्यक्षांचा पक्ष मध्यावधीत मार खातो, या नियमाने मिशिगनमध्ये डेमोक्रॅटांची पीछेहाट व्हायला हवी होती. घडले भलतेच.

त्याला रिपब्लिकनांच्या घरातील गोंधळही कारण होता. गव्हर्नरपदाच्या उमेदवारीसाठी किमान १५,००० मतदारांच्या सह्या लागतात. दहा इच्छुकांपैकी पाच जणांच्या अर्जांत पैसे घेऊन सह्या जमवणाऱ्यांनी खोट्या सह्या घुसडल्याचे निवडणूक विभागाच्या छाननीत आढळले आणि ते पाचही बाद झाले. डेट्रॉइटचे माजी पोलीस प्रमुख जेम्स क्रेग त्यांत होते. त्यांच्याकडे पक्षातील आघाडीचे दावेदार म्हणून पाहिले जात होते. अखेर ट्युडर डिक्सन यांना उमेदवारी मिळाली. सेक्रेटरी ऑफ स्टेट आणि अ‍ॅटर्नी जनरल या पदांचे उमेदवार मतदार नव्हे, तर पक्षाचे अधिवेशन निवडते. तेथे २०२०चा निकाल नाकारणाऱ्या क्रिस्टिना करामो आणि मॅथ्यू डीपर्नो यांची सरशी झाली. ग्रँड रॅपिड्समध्ये, ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाच्या बाजूने मत देणारे खासदार पीटर माइर यांना प्राथमिक फेरीतच जॉन गिब्ज यांनी पाडले. गिब्ज सोपे प्रतिस्पर्धी ठरतील या हिशेबाने डेमोक्रॅटांनी त्यांना लाभ होईल अशा जाहिरातींवर चार लाख डॉलरहून अधिक खर्च केला होता. लोकशाहीच्या रक्षणाची भाषा करणाऱ्या पक्षाला हे शोभले नाही. हिशेब मात्र चुकला नाही, हिलरी शॉल्टन निवडून आल्या.

खरे वारे फिरवले ते गर्भपाताच्या प्रश्नाने. मिशिगनमध्ये गर्भपात गुन्हा ठरवणारा १९३१चा कायदा पुस्तकात तसाच पडून होता. १९७३च्या ‘रो’ निकालामुळे तो निष्प्रभ होता. २४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रो’ रद्द केला आणि तो जुना कायदा जिवंत होण्याची शक्यता निर्माण झाली. राज्यातील न्यायालयाच्या स्थगितीनेच तो रोखलेला होता. गर्भपाताचा हक्क घटनेत घालण्याच्या मागणीसाठी साडेसात लाखांहून अधिक सह्या दाखल झाल्या. आवश्यक होत्या सव्वाचार लाख. तरीही राज्य मंडळ दोन विरुद्ध दोन असे अडले. आक्षेप काय, तर छापील मसुद्यात काही शब्दांमधील मोकळी जागा गायब झाली होती! राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन अशा निर्णयाने प्रस्ताव मतपत्रिकेवर ठेवण्याचा आदेश दिला आणि सुमारे ५७ टक्के मतदारांनी तो मंजूर केला.

सुमारे ४५ लाख मते पडली. २०१८चा उच्चांकही मोडला. अध्यक्षीय २०२० मधील आकडा ५५ लाखांचा होता, हे पाहता मध्यावधीसाठी ही संख्या मोठीच. व्हिटमर साडेचौपन्न टक्के मतांनी पुन्हा गव्हर्नर झाल्या. बेन्सन यांनी करामोंना जवळपास चौदा टक्क्यांनी हरवले, नेसलही जिंकल्या. मतदानापूर्वी नऊ दिवस प्रत्यक्ष मतदानाची सोय देणाऱ्या आणि निकाल प्रमाणित करणे हे मंडळांचे बंधनकारक काम आहे असे घटनेत लिहिणाऱ्या प्रस्तावालाही साठ टक्के मते मिळाली. दोन-दोनचा पेच असा कायद्याने आवळला गेला. सगळीकडे लाट होती असे मात्र नाही. सिनेटसाठी दोनदा पराभूत झालेले रिपब्लिकन जॉन जेम्स यांनी मकोम कौंटीतील नवी दहावी जागा सुमारे १,६०० मतांनी काढली. जनगणनेत राज्याची एक जागा घटली होती. उरलेल्या १३ पैकी डेमोक्रॅटांना सात, रिपब्लिकनांना सहा.

नव्या नकाशावरील पहिल्याच निवडणुकीत राज्य सिनेट २०-१८ आणि प्रतिनिधीगृह ५६-५४ असे डेमोक्रॅटांकडे गेले. सिनेट त्यांच्या हातून निसटले होते ते १९८४च्या सुरुवातीला. आयकर वाढवल्याचा राग येऊन मतदारांनी १९८३ मध्ये त्यांच्या दोन सिनेटरांना परत बोलावले होते आणि पोटनिवडणुकांत दोन्ही जागा रिपब्लिकनांनी जिंकल्या होत्या. परत बोलावण्याच्या अधिकाराची आपल्याकडे केवळ चर्चा होते. मिशिगनमध्ये त्या अधिकाराने सत्तेची पुढची जवळपास चाळीस वर्षे ठरवली.

दोन-दोन मतांच्या या बहुमताने २०२३ मध्ये झपाट्याने काम केले. कामगार संघटनांना दुबळे करणारा २०१२चा कायदा मार्चमध्ये रद्द झाला, १९३१चा गर्भपातविरोधी कायदा एप्रिलमध्ये. मिशिगन स्टेट विद्यापीठात १३ फेब्रुवारीला झालेल्या गोळीबारानंतर बंदूकखरेदीच्या पार्श्वभूमीची तपासणी व्यापक करणारे कायदे आले. समलैंगिकांना भेदभावापासून संरक्षणही मिळाले. यांतील प्रत्येक विषयावर आधीची विधिमंडळे वर्षानुवर्षे हातावर हात ठेवून बसली होती किंवा नेमके उलट वागली होती.

आयोगाचा नकाशाही निर्दोष ठरला नाही. डेट्रॉइटचे कृष्णवर्णीय मतदार उपनगरांच्या मतदारसंघांत वाटून टाकल्याची तक्रार न्यायालयात गेली आणि डिसेंबर २०२३ मध्ये तीन संघीय न्यायाधीशांनी राज्य विधिमंडळाचे १३ मतदारसंघ वर्णाच्या आधारावर आखल्याचे ठरवून नव्याने काढण्याचा आदेश दिला. प्रतिनिधीगृहाचा सुधारित नकाशा २०२४च्या निवडणुकीसाठी लागू झाला, सिनेटचा २०२६च्या मध्यावधीसाठी. २०२४ मध्ये ट्रम्प यांच्या विजयाबरोबर रिपब्लिकनांनी प्रतिनिधीगृह ५८-५२ असे परत मिळवले आणि लान्सिंगमधील एकहाती सत्ता दोन वर्षांतच संपली.

३ नोव्हेंबर २०२६ ही पुढच्या मध्यावधीची तारीख, तर पक्षांच्या प्राथमिक फेरीची ४ ऑगस्ट. व्हिटमर, बेन्सन आणि नेसल या तिघींनाही मुदतमर्यादेमुळे आपापल्या पदासाठी पुन्हा उभे राहता येत नाही. सिनेटर गॅरी पीटर्स यांनी जानेवारी २०२५ मध्येच निवडणूक न लढवण्याचे जाहीर केले, तर डेट्रॉइटचे तेव्हाचे महापौर माइक डग्गन यांनी डेमोक्रॅटिक पक्षाबाहेर पडून गव्हर्नरपदासाठी अपक्ष उतरण्याची घोषणा डिसेंबर २०२४ मध्ये केली होती. या सगळ्या नावांखाली मतपत्रिकेवर आणखी एक ओळ येते, जी कोणत्याही पक्षाने मागितलेली नाही. १९६३च्या घटनेनेच तसे सांगून ठेवले आहे : १९७८ पासून दर सोळा वर्षांनी, सध्याची घटना बदलण्यासाठी घटना परिषद बोलवायची का, असे मतदारांना विचारायचे. १९७८, १९९४ आणि २०१० मध्ये उत्तर ‘नाही’ असे आले. २०१० मध्ये नकाराचे प्रमाण दोन तृतीयांशांच्या घरात होते.